जोडीचा हात

माझ्या हातानं पहिल्यांदा चहाचा कप धरला तेव्हा खोलीत एवढी माणसं जमली होती, की मला आनंदाआधी लाजच वाटली. तालमीतले वस्ताद टोपी हातात घेऊन दाराशी उभे. आई पदर तोंडाला लावून. डॉक्टर बिवलकर आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरं मोबाइल रोखून. आणि माझ्या उजव्या अंगाला, पलंगाच्या दांड्याला गुडघा टेकवून तस्लीम. तिचा उजवा हात मांडीवर दगडासारखा पडलेला, कोपरापासून मनगटापर्यंत काळी बाही चढवलेली.

"हर्षाली, कप धर," डॉक्टर म्हणाल्या.

मी धरला. बोटं वळली, कपाच्या कानात गेली, घट्ट झाली. अर्धा चहा गळ्यावर सांडला, उरलेला मी प्यायले. टाळ्या पडल्या. वस्तादांना मी आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं.

"साखर कमी हाय," मी म्हणाले, कारण काहीतरी बोलायला हवं होतं.

"दुसरा आणतो थांब," म्हणून तस्लीम उठली. आमच्या कोल्हापूरकडं बाया आणतो, जातो, येतोच म्हणतात, त्यात काही विशेष नाही. विशेष एवढंच, की ती उठताच माझी बोटं सैल पडली आणि कप चादरीवर आडवा झाला. सगळे हसले. मीही हसले.

तस्लीम मुजावर आणि मी हर्षाली खोत. गावच्या मुलींच्या तालमीत आम्ही लहानपणापासून एकमेकींची जोड. ज्यांनी तालीम पाहिली नाही त्यांना जोड म्हणजे मैत्रीण वाटेल. मैत्रिणीला माणूस कधीतरी कंटाळतो, जोडीची तेवढी सोय नसते. एकत्र व्यायाम, एका पातेल्यातला खुराक, एका खोलीत झोप, आणि रोज सकाळ-संध्याकाळ एकमेकींना पाडायचं. आमच्या वस्तादांची आणखी एक रीत होती. अधूनमधून ते दोघींच्या डोळ्यांना पंचा बांधून लढायला लावायचे. म्हणायचे, "डाव मारायच्या आदी माणूस श्वास घेतोय. त्यो ऐकायचा. हात नंतर येतोय." सुरुवातीला आम्ही आंधळ्या म्हशींसारख्या एकमेकींवर आदळायचो. पुढं पुढं मला तस्लीमचा डाव तिच्याआधी कळायला लागला, आणि तिला माझा.

माझी मान मोडली तीही तिच्याच हातून. सरावाची साधी लढत होती. तिनं ढाक मारून मला कमरेवरून फेकलं, मी नेहमीसारखं अंग सोडलं, आणि त्याच क्षणी पायाखालची मॅट जोडावर सरकली. मी खांद्यावर पडायची ती डोक्यावर पडले. चूक असलीच तर मॅटची. हे मी तस्लीमला किती वेळा सांगितलं असेल, पण ती मॅटला दोष द्यायला कधी तयार झाली नाही.

मानेतल्या मणक्यांच्या आत करंगळीएवढ्या जाडीची एक दोरी असते, मज्जारज्जू. मेंदूचा प्रत्येक हुकूम तिच्यातून खाली जातो आणि अंगाची प्रत्येक खबर तिच्यातून वर येते. माझी ती दोरी मानेच्या खालच्या भागात चेंगरली. पूर्ण तुटली नाही, पण बहुतेक धागे मेले. श्वास टिकला, खांदे उचलता यायचे, कोपर थोडं वाकायचं. मनगटापासून पुढं आणि छातीपासून खाली सगळा शुकशुकाट. मेलेले धागे परत उगवत नाहीत, हे पूर्वीही खरं होतं आणि आजही खरं आहे.

पण आता धाग्यांना वळसा घालता येतो. पन्हाळ्याच्या रस्त्याला डॉक्टर बिवलकरांचं पुनर्वसन केंद्र आहे, तिथं त्यांनी माझ्या मेंदूवर नखाएवढी एक जाळी बसवली आणि मानेत, जखमेच्या खाली, दुसरी. वरची जाळी मेंदूचं बोलणं ऐकते, खालची हाताच्या नसांना ते सांगते. मधे एक छोटं यंत्र. या सगळ्याला तिथं 'सेतू' म्हणतात.

अडचण एकच होती. इजेनंतर मेंदूचं हाताशी बोलणं पुटपुटल्यासारखं होतं. त्यातलं 'मूठ मिट' कुठलं आणि 'बोट उघड' कुठलं, हे यंत्राला कळत नाही. म्हणून डॉक्टरांनी युक्ती काढली होती. शेजारी एक धडधाकट माणूस बसवायचा, त्याच्या हातावर नसांचं बोलणं टिपणारी बाही चढवायची, आणि दोघांनी एकाच वेळी एकच हालचाल करायची. धडधाकट माणसाचा आवाज स्वच्छ. यंत्र दोन्ही आवाज शेजारी ठेवून जुळवतं. लहान पोराचा हात हातात धरून बाई पाटीवर अक्षर गिरवून घेतात, तसंच हे. सुरुवातीला अक्षर बाईंचं असतं. मग बाई हात ढिला सोडतात, आणि एक दिवस काढून घेतात.

आमचं हात ढिला सोडायचं चाललं होतं. तस्लीमनं आता हात अजिबात हलवायचा नव्हता, नुसतं बसायचं. बाही चढवलेली असे, कारण यंत्राला तुलनेला तिचा शांत हात लागत होता. तिचा हात हलला नाही आणि माझा हलला, तर तो हुकूम माझा, असा हिशोब होता. दिवाळीनंतर सेतू पक्का करणार होते. कारण पुढं जाळीभोवती व्रण धरतो, मेंदूही शिकायला कंटाळतो, आणि जे शिकला ते शिकला.

तस्लीमची गंमत अशी, की ती नुसती बसायला आलेलीच नव्हती. ती माझं अंग पुसायची, कूस बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, आणि हे सगळं करताना मला शिव्या द्यायची. "जड झालीयास हर्षे. अशीच खात बसलीस तर वरच्या वजनगटात लढाय लागंल." रोजचे व्यायाम कंटाळवाणे होते आणि मी कुरकुर केली, की ती म्हणायची, "पी हळद आन् हो गोरी, असं असतंय व्हय?" तिच्यामुळे मी वेडी झाले नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही. आमच्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

तिला हरियाणातल्या राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं, हे मला वस्तादांकडून कळलं. एशियाडची निवड तिथूनच व्हायची होती. मागच्या वेळीही तिला बोलावलं होतं, तेव्हा ती माझ्यासाठी थांबली. यंदा नाही गेली तर पुन्हा कोण विचारणार? आमच्या खेळात पंचविशी ओलांडलेल्या पोरीची कुणी वाट बघत नाही.

"जाणार न्हवं?" मी विचारलं.

"तुझा हात पक्का झाला की जाईन."

"शिबिर दिवाळीच्या आदी सुरू हुतंय."

"मग बगूया," असं म्हणून तिनं माझ्या तोंडात मोसंबीची फोड कोंबली, म्हणजे विषय संपला.

त्याच आठवड्यात ती तापानं आजारी पडली आणि घरीच राहिली. माझा हात चालला नाही. बोटं नुसती थरथरली, तीही मोठ्या मिनतवाऱ्यांनी. डॉक्टर म्हणाल्या, "घाबरू नकोस. जोडीदार नसला की मन कचरतं. इथं एका बाईंचे यजमान गावाला गेले होते, तेव्हा त्यांचंही असंच झालं. नंतर त्या ठीक झाल्या." मला ते पटलं नाही. मी आखाड्यात हजार माणसांसमोर कचरले नव्हते, तर इथं चार भिंतींना काय कचरणार?

तस्लीम परत आली आणि हातही परत आला. अगदी हुकमी. मी मनात 'मूठ' म्हणायचा अवकाश, मूठ मिटलेली. मला आनंद व्हायला हवा होता. पण पैलवानाला एक खोड असते. समोरचा फार सहज पडायला लागला, की त्याला संशय येतो.

कुस्तीत हूल देतात. डाव डावीकडं मारायचा असतो, पण अंग उजवीकडचं सोंग करतं. श्वास, खांदा, नजर सगळं खोटं बोलतं, आणि मनाला मात्र पक्कं ठाऊक असतं, की आपण तिकडं जाणार नाही. चांगली हूल समोरच्याच्या अंगाला फसवते. स्वतःच्या अंगाला कुणी हूल देऊ शकत नाही.

त्या सकाळी तस्लीम शेजारी बसून आईशी दुधाच्या भावावर बोलत होती. मी हाताकडं पाहिलं. मूठ मिटायची नाही असं ठरवलं, अगदी मनाच्या तळापासून ठरवलं. आणि मग मूठ मिटताना घेते तसा तोकडा श्वास घेतला, डावा खांदा किंचित उचलला.

मूठ मिटली.

मी पुन्हा केलं. पुन्हा मिटली. मग हूल न देता, श्वास एकसारखा ठेवून, मनातल्या मनात जीव तोडून म्हटलं, मिट. बोटं जेमतेम थरथरली आणि थांबली.

तस्लीम अजून दुधावरच बोलत होती. तिचा हात मांडीवर होता, हलला नव्हता. तिला काहीच ठाऊक नव्हतं. माझा श्वास तिच्या कानावर पडत होता आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तिच्या नसा उत्तर देत होत्या. हात हलवण्याइतकं मोठं नव्हे, बाहीनं टिपण्याइतकंच. डॉक्टरांनी आजवर आया बसवल्या होत्या, नवरे बसवले होते, भाऊ बसवले होते. जोड बसवली नव्हती. यंत्रानं दोन आवाज ऐकले, त्यातला स्वच्छ तो धरला, आणि माझं पुटपुटणं सोडून दिलं. माझा हात म्हणजे आयत्या बिळावर नागोबा झाला होता.

हे लगेच सांगायला हवं होतं, मला मान्य आहे. पण त्या आठवड्यात मी त्या हातानं नाक खाजवलं होतं. ज्याला नाक खाजवायला दुसऱ्याला हाक मारावी लागत नाही, त्याला यातलं सुख कळणार नाही. माशी बसली तर मी हाकलत होते. आई घरी चाकाच्या खुर्चीसाठी दाराला उतरण करून घ्यायचं म्हणत होती, तिच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी रंग आला होता. मी गप्प बसले. दिवस गेले. तस्लीमनं शिबिराला नकार कळवायचं ठरवलं आहे, हे मला तिच्या शांतपणावरून कळलं. तिचंही काही माझ्यापासून लपत नव्हतंच.

ज्या सकाळी ती फोन करायला उठली, त्या सकाळी मी डॉक्टरांना हाक मारली.

"मॅडम, ह्यो हात माझा न्हाई," मी म्हणाले. "तस्लीमचा हाय. तिला भिंतीपल्याड बसवा, बाही तशीच ठेवून."

डॉक्टरांनी बसवलं. दार लावलं. मी हुकूम दिला, श्वास घेतला, खांदा उचलला. काही झालं नाही. दार उघडून तस्लीमला आत आणलं, मी हूल दिली, मूठ मिटली. डॉक्टर पडद्यावरच्या रेघा बराच वेळ बघत राहिल्या. बाई प्रामाणिक. त्यांचा चेहरा उतरला, आणि उतरता उतरता त्यात थोडं कुतूहलही चमकलं. त्याचा मला राग आला, पण त्याला इलाज नाही, डॉक्टरांची जातच ती.

"आता दोन रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "एक, आहे तसा सेतू पक्का करायचा. हात चालेल, उत्तम चालेल. पण तस्लीम खोलीत असेल तोवरच. दुसरा, शिकवलेलं सगळं पुसून तुझ्या एकटीच्या आवाजावर सुरुवात करायची. नवी जोड शिकवायला आता वेळ उरलेला नाही. आवाज फार बारीक आहे, हर्षाली. एखादं बोट हलेल, किंवा तेही नाही."

"पयला रस्ता," तस्लीम म्हणाली. "पक्का करा. मी हाय की."

"तू गप," मी म्हणाले.

"का गप? मी तुझ्या घरी ऱ्हाईन. काय बिघडलं? तालमीत एका खोलीतच ऱ्हात हुतो."

"आन् लगीन? आन् कुस्ती?"

"तुझी कुस्ती ऱ्हायली व्हय, माझी ऱ्हायाला?" तिचा आवाज चढला. "माझ्या हातानं तुझी मान मोडली हर्षे. त्योच हात तुला दिला, तर कुणाच्या बापाचं काय गेलं?"

आई मधे पडली. "पोरी, तिनं एवढ्या जिवानं म्हटलंय तर..." आणि थांबली. आईला हवं होतं, मला दिसत होतं. तिच्या जागी मी असते तर मलाही हवं झालं असतं.

मला रडू आलं, ते मी पुसूही शकत नव्हते. हात पुसू शकत होता, पण मी त्याला सांगितलं नाही. मी तस्लीमला म्हणाले, "मला रोज सकाळी उठून तुझं त्वांड बघून हात हलवायचा न्हाई. मला तुझा कटाळा आलाय. माझ्या गळ्यात पडून तुझं पाप फेडू नको, फेडायचं तर दर्ग्यात जा."

तस्लीम माझ्याकडं बघत राहिली. मी खोटं बोलत होते आणि तिला कळत होतं. तिला माझं सगळंच कळतं, तोच तर सगळा घोटाळा होता. पण काही वाक्यं खोटी आहेत हे कळूनही माणसाला लागतात. तिनं बाही उतरवली, घडी घालून खुर्चीवर ठेवली, आणि बाहेर जाऊन शिबिराला होकार कळवला.

पुसायचं काम तिच्या जाण्याच्या दिवशीच झालं. डॉक्टरांनी पडद्यावर काहीतरी दाबलं, बस, एवढंच. दुखलं नाही. हात चादरीवर तसाच होता, नखांना आईनं काल लावलेलं तेल तसंच चमकत होतं. आता सेतू कोरा होता आणि फक्त मला ऐकत होता.

केंद्राची बिनड्रायव्हरची गाडी तस्लीमला स्टेशनवर सोडायला खाली येऊन थांबली होती. ती पाठीवर बॅग घेऊन दारात उभी राहिली. आत आली नाही. त्या भांडणाच्या दिवसापासून आम्ही कामापुरतंच बोललो होतो.

"सुरू कर, हर्षाली," डॉक्टर म्हणाल्या. "मूठ. पूर्ण जोर लाव. पहिले काही तास फार महत्त्वाचे आहेत, जितके प्रयत्न करशील तितकं यंत्राला सापडेल."

मी श्वास घेतला, खांदा उचलला, डोळे मिटून जीव खाऊन म्हटलं, मिट. काही नाही. पुन्हा. आई माझ्या हातावर वाकली होती, डॉक्टर पडद्यावर. पुन्हा केलं. काही नाही. मी डोळे उघडले आणि दाराकडं पाहिलं.

तस्लीमचा उजवा हात मोकळा लोंबत होता. मी श्वास घेतला, तशी त्याची मूठ मिटली. मी श्वास सोडला, तशी उघडली.

बाही नव्हती, तार नव्हती, यंत्र नव्हतं. इतके महिने त्या हाताला एकच काम होतं, गप्प बसून माझी वाट बघायचं. ते तो शिकला होता. तस्लीम माझ्या चेहऱ्याकडं बघत होती, तिला स्वतःच्या हाताचा पत्ता नव्हता. मी आणखी एकदा करून पाहिलं, खात्रीसाठी. मिटली. शिबिरात हिच्यासमोर कुणीतरी जाटांची पोर उभी राहील, श्वास घेईल आणि तुटून पडेल, आणि हिचा हात कुणाच्या श्वासाची वाट बघत थांबेल, कुणास ठाऊक. सांगावं का? सांगितलं असतं तर ती बॅग खाली ठेवून बसली असती. तिला निमित्तच हवं होतं.

"हललं का काय?" तिनं विचारलं.

"हलंल. तू जा, गाडी थांबलीया."

"एकदा हललेलं बगून जातो."

"हलल्यावर कळवीन. जा."

ती उभीच राहिली. डॉक्टर म्हणाल्या, "हर्षाली, थांबू नकोस. वेळ जातोय, पुन्हा जोर लाव."

मी जोर लावला नाही. मी तोंड भिंतीकडं वळवलं आणि श्वास रोखून धरला. माझ्या छातीत आता श्वास फारसा मावत नाही. तरी तिची पावलं जिना उतरून गाडीचं दार लागेपर्यंत मी तो सोडला नाही.